आदेशाची प्रत

फेब्रुवारी २०२४. सकाळचे अकरा वाजून गेले होते. नाशिकला पंचवटीतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिकांची घाई चालली होती, तेवढ्यात गावाहून नानांचा फोन आला. नाना म्हणजे माझे चुलते, निफाड तालुक्यातले. "आज कांद्याचा भाव टाकला नाही का रे? ट्रॅक्टर भरून उभाय दारात."

"टाकलाय की नाना. दहालाच."

"मग इथं का दिसंना? नुसतं करडं पान येतंय."

माझ्या फोनवर सगळं जागच्या जागी होतं. सकाळच्या लिलावाची आवक, किमान, कमाल, सरासरी. नानांनी शेजारच्या पोराकडून स्क्रीनशॉट पाठवायला लावला. त्यात सोशल मीडियावरच्या आमच्या भावाच्या खात्याचं नाव होतं, चित्राच्या जागी करडं वर्तुळ होतं आणि खाली इंग्रजीत एक ओळ होती. कायदेशीर मागणीनुसार हे खातं भारतात रोखलं आहे, असा तिचा अर्थ. बायकोचा फोन घेऊन पाहिला, त्यावरही तेच. मी टाकलेलं फक्त मलाच दिसत होतं. आदल्या रात्रीपासून तसंच असणार, कारण रात्री टाकलेल्या मजकुराखाली एकही उत्तर नव्हतं आणि मला वाटलं होतं, लोक दमून झोपले असतील.

हे खातं आम्ही २०२० च्या लॉकडाउनमध्ये सुरू केलं. बाजार समित्या कधी चालू, कधी बंद. कुठे लिलाव आहे आणि कुठे नाही हे गावात बसून कळायचं नाही. माझा एक मावसभाऊ लासलगावला असतो. तो फोनवर आकडे सांगायचा, मी ते टाइप करून टाकायचो. पुढे पिंपळगाव, विंचूर, उमराणे असे आकडे यायला लागले. चार वर्षांत साडेअकरा हजार लोक जोडले गेले. बहुतेक शेतकरीच, काही पिकअपवाले, थोडे व्यापारीसुद्धा. त्यातून एक रुपया कमावला नाही आणि कमवायचाही नव्हता.

२०२३ मध्ये मात्र दिवस बदलले. १९ ऑगस्टला कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. त्या दिवशी जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. अशा वेळी नुसते आकडे टाकून भागत नाही. लोक विचारायचे, बंदी कधी उठणार, सभा कुठे आहे, निवेदन कोण देतंय. मी तेही टाकायला लागलो. बंदी चुकीची आहे असं माझं मत होतं आणि ते मी नाव न लपवता लिहिलं होतं.

खातं बंद झाल्याचं कळल्यावर पहिले दोन दिवस मी घाबरलेलोच होतो, हे मोकळेपणाने सांगतो. बायकोने विचारलं, "घरी पोलीस येतील का?" आई म्हणाली, "सोड ना ते, तुझ्या पोटापाण्याचा धंदा थोडाच आहे?" दुकानात येणारे ओळखीचे लोक आवाज खाली आणून बोलायचे, जणू मला काही आजार झालाय. बंदीचा खरा परिणाम हा असतो. काय चुकलं हे कुणी सांगत नाही, त्यामुळे माणूस आपलं सगळंच तपासायला लागतो. त्या दोन रात्रींत मी माझा चार वर्षांचा मजकूर वर-खाली वाचून काढला, आणि जिथे जिथे 'सरकार' हा शब्द होता तिथे तिथे मला धडकी भरली.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा ईमेल सापडला, नको असलेल्या पत्रांच्या खणात पडलेला. आमचं खातं ज्या कंपनीकडे होतं तिचं नाव सांगून काही साधत नाही. ईमेल सात-आठ ओळींचा होता. तुमच्या खात्याबाबत आम्हाला भारत सरकारकडून आदेश मिळाला आहे, स्थानिक कायद्यानुसार आम्ही खातं भारतात रोखलं आहे, आदेश गोपनीय असल्याने त्याची प्रत देता येत नाही. कोणत्या मजकुराबद्दल आदेश आहे, याचा उल्लेख नव्हता.

पोलीस ठाण्यात जाऊन विचारलं. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, "तुमच्यावर इथे काहीही दाखल नाही. हा आदेश आमच्याकडून गेलेला नाही." बाहेर पडताना इतका हलका झालो की रामवाडीच्या पुलापर्यंत चालत आलो. मग लक्षात आलं, गुन्हा नाही, तक्रार नाही, तरी शिक्षा चालू आहे.

सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयात आमच्या ओळखीच्या एक वकील आहेत. मी त्यांना ताई म्हणतो. त्यांनी चहा मागवला आणि कायद्याचं पुस्तकच पुढे ठेवलं. "वाच. मोठ्याने वाच," म्हणाल्या. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ६९अ. या कलमाखाली केंद्र सरकार इंटरनेटवरचा मजकूर रोखू शकतं, पण कारणं ठरलेली आहेत: देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि यांच्याशी संबंधित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी रोखणं. "यात कांदा कुठे बसतो?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "सुव्यवस्थेत बसवला असणार."

त्यानंतर याच कलमाखाली मजकूर कसा रोखायचा ते सांगणारे २००९ चे नियम काढले. आठवा नियम सांगतो की मजकूर टाकणारी व्यक्ती किंवा तो ठेवणारी कंपनी यांना शोधून नोटीस द्यायची, उत्तरासाठी किमान ४८ तास द्यायचे. ताईंनी 'किंवा' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. "सगळी मेख इथे आहे. कंपनीला नोटीस दिली की काम झालं, असं वाचलं जातं. तू कुठे राहतोस, तुझा फोन नंबर काय, हे तुझ्या खात्यावरच लिहिलेलं होतं. तुला शोधायला पाच मिनिटं लागली असती." नववा नियम तातडीचा, त्यात आधी मजकूर रोखायचा आणि ४८ तासांत प्रकरण सरकारी अधिकाऱ्यांच्या समितीपुढे ठेवायचं. आणि सोळावा नियम गोपनीयतेचा. विनंती, तक्रार आणि त्यावरची कारवाई, सगळं गुप्त.

मी म्हटलं, म्हणजे दार बंदच. ताई म्हणाल्या, नाही. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम ६६अ रद्द केलं हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच निकालात ६९अ कायम ठेवताना न्यायालयाने ते कशाच्या भरवशावर ठेवलं, हे फार कुणी वाचत नाही. कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि म्हणूनच त्यांना उच्च न्यायालयात रिट याचिकेत आव्हान देता येतं, या भरवशावर. "आता मला सांग, जे कारण तुला दाखवतच नाहीत, त्याला तू आव्हान कसं देणार?" दिल्लीतलं एक प्रकरणही त्यांनी सांगितलं. हुंडाप्रथेची खिल्ली उडवणारी एका पत्रकाराची वेबसाइट २०१८ मध्ये रोखली होती. तो लढत राहिला आणि मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की त्याला आदेशाची प्रत द्या आणि त्याचं म्हणणं ऐका.

त्या दिवशी मी ठरवलं. खातं परत मिळणं ही एक गोष्ट, पण आदेशाची प्रत मागायचीच.

आमच्या भागात अशी वेळ कुणावरही येऊ शकते, म्हणून पुढे काय केलं ते जरा तपशिलात लिहितो.

आधी सगळा मजकूर उतरवून घेतला. खातं भारतात रोखलं तरी मालकाला आपली माहिती डाउनलोड करता येत होती. एक रात्र लागली. दुसऱ्या दिवशी त्याची प्रत पेनड्राइव्हवर, एक बहिणीकडे. नंतर खातं पूर्ण गेलं असतं तर चार वर्षांचे भाव कुठेच उरले नसते, हा विचार आजही अंगावर येतो. त्याच आठवड्यात स्वतःच्या नावाचं डोमेन घेऊन साधं पान केलं. तेही रोखता येतं, पण निदान चावी आपल्याकडे राहते. पोरं म्हणाली, व्हीपीएन वापरा, सगळं दिसतं. ते खरं आहे, आणि मी स्वतः तसं उघडून पाहिलं. पण लिलावाला निघालेल्या नानांना मी व्हीपीएन शिकवत बसू का? गावात दूध संघाच्या भिंतीवर फळा होता. महिनाभर मावसभावाचा फोन थेट तिथे जायचा आणि संघातला मुलगा खडूने भाव लिहायचा. कुणीतरी त्या फळ्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवायचं.

मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार. तेव्हाच्या नियमाप्रमाणे चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निकाल द्यावा लागायचा. दोन्ही वेळेत आलं. उत्तर एकच: निर्णय आमचा नाही. त्यावर सरकारच्या तक्रार अपील समितीकडे तीस दिवसांत जाता येतं, पण ताईंच्या मते ती वाट कंपनीच्या स्वतःच्या निर्णयांसाठी. आमच्या बाबतीत महिना वाया जाईल. ती सोडली.

तिसरा, माहितीचा अधिकार. मी राज्य सरकारकडे पूर्वी अर्ज केलेले होते, तिथे दीडशे शब्दांची मर्यादा आणि कोर्ट फी स्टॅम्प. केंद्राचा अर्ज ऑनलाइन भरला, दहा रुपये, पाचशे शब्दांपर्यंत मुभा. मला पाचशे लागले नाहीत. आदेशाचा क्रमांक आणि तारीख, आदेशाची प्रत, समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, आणि मला नोटीस न देण्याचं कारण, एवढंच मागितलं. अठ्ठाविसाव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(अ), म्हणजे देशाच्या सुरक्षिततेला बाधा आणणारी माहिती नाकारण्याची सूट, आणि २००९ च्या नियमांतला नियम १६ यांनुसार माहिती देता येत नाही.

पहिलं अपील लिहायला मी सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसलो. १८४० पासूनची ही संस्था, माझ्या आजोबांनी तिथे वर्तमानपत्रं वाचलेली. दुकानात कागद पसरायला जागा नव्हती आणि मन लागत नव्हतं. अपिलात तीन मुद्दे घातले. माहिती अधिकार कायद्याचं कलम २२ म्हणतं की इतर कायद्यांत याच्याशी विसंगत काही असलं तरी हा कायदा वरचढ. मग एक नियम त्याला कसा अडवेल? कलम १० म्हणतं की गुप्त भाग झाकून उरलेला द्या. आणि तिसरा मुद्दा मला त्या दुपारीच सापडला. कलम ४(१)(घ): आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणं प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने बाधित व्यक्तीला द्यायची आहेत. मागितल्यावर नव्हे, आपणहून. मी ते वाक्य तीनदा वाचलं. बाधित व्यक्ती म्हणजे मी. ज्या कलमासाठी मी इतक्या खेपा घातल्या ते अर्ध्या ओळीत तिथे छापलेलं होतं.

वाचनालयात बसून आणखी एक गोष्ट सुचली, ती अपिलात घातली नाही पण इथे सांगतो. १९०९ साली याच गावात बाबाराव सावरकरांवर कविता छापल्याबद्दल राजद्रोहाचा खटला चालला आणि सेशन्स कोर्टाने काळ्या पाण्याची शिक्षा दिली. अन्याय होता तो, यात मला शंका नाही. पण कोणत्या कवितेसाठी शिक्षा होतेय हे आरोपीला माहीत होतं. त्या कवितांचा अर्थ काय यावर वाद झाला, अपील मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि तिथला निकाल छापलेला आहे. ताईंनी मला तो काढून दाखवला. परक्या सरकारने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दिलेला निकाल मी आज वाचू शकतो. माझ्या सरकारने माझ्या भावफलकाबद्दल काढलेला आदेश मात्र वाचू शकत नाही.

पहिलं अपील फेटाळलं गेलं. तोवर दुसऱ्या बाजूने, आठव्या नियमाचा आधार घेऊन मी निवेदन पाठवलं होतं, मुख्य टपाल कार्यालयातून पोचपावतीसह: मजकूर माझा आहे, मी इथे राहतो, माझं म्हणणं ऐका. आशा फारशी नव्हती. पण मे महिन्यात ईमेल आला, सुनावणी व्हिडिओवर, अमुक दिवशी दुपारी तीन वाजता.

ही सुनावणी घेणारी समिती २००९ च्या नियमांतली. नियमांप्रमाणे तिच्यात विधी, गृह, माहिती-प्रसारण या खात्यांचे सहसचिव दर्जाचे अधिकारी आणि सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा प्रतिनिधी असतो. पडद्यावर पाच-सहा चौकोन दिसत होते. मी इस्त्रीचा शर्ट घालून दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो होतो. ताई बाजूला, कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या. मी हिंदीत बोललो. बोलणं सभ्य होतं, कुणी आवाज चढवला नाही. आणि मग त्यांच्यातल्या एकांनी, जणू मला आधीपासून ठाऊकच आहे अशा सुरात, दोन मजकुरांचा उल्लेख केला.

पहिल्यांदा कळलं! तीन महिन्यांनी. त्यातला एक मजकूर निर्यातबंदीवरच्या माझ्या मताचा होता. दुसरा होता एका शेतकरी संघटनेचं पत्रक, जे मी जसंच्या तसं टाकलं होतं: उद्या सकाळी अकराला चौफुलीवर रास्ता रोको, ट्रॅक्टर घेऊन या.

या दुसऱ्या मजकुराबद्दल मी विचार केला आहे आणि खरं ते लिहितो. महामार्ग अडवण्याची हाक सुव्यवस्थेचा प्रश्न आहे, असं कुणी म्हटलं तर त्याला मी वेडा म्हणणार नाही. मला त्याच दिवशी फोन करून "हे काढा" म्हटलं असतं तर मी वाद घातला असता, कदाचित काढलंही असतं. रास्ता रोको झाला, तासाभरात संपला. पण त्या एका पत्रकासाठी चार वर्षांचं सगळं खातं, हजारभर दिवसांचे भाव, साडेअकरा हजार लोकांची सोय रोखली गेली, आणि पत्रकातली तारीख उलटून गेल्यावरही ती रोखलेलीच राहिली. मी समितीपुढे हेच सांगितलं. दाताच्या दुखण्यासाठी मान कापत नाहीत, असं म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं. वीस मिनिटांत सुनावणी आटोपली. मी शेवटी विचारलं, आदेशाची प्रत मिळेल का? उत्तर: नियम १६.

ऑगस्टमध्ये एका सकाळी नानांचाच फोन. "आलं रे! दिसतंय." पत्र नाही, ईमेल नाही. मध्यंतरी ४ मे रोजी निर्यातबंदीही उठली होती. खातं का सुरू झालं हे मला माहीत नाही, जसं का बंद झालं हे अधिकृतपणे माहीत नाही. लोकांनी अभिनंदन केलं, पेढे मागितले. मी पेढे दिले नाहीत. साडेअकरा हजारांतले कितीतरी लोक तोवर दुसरीकडे गेले होते, आणि मी स्वतः आता सभेचं पत्रक टाकताना थांबतो, दोनदा वाचतो. हे थांबणं माझ्यात कुणीतरी बसवलंय, आणि त्याचा मला राग येतो.

२०१६ च्या ऑक्टोबरात त्र्यंबकेश्वरजवळच्या तळेगावात मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर जिल्ह्यात मोबाइल इंटरनेट बंद होतं, ते दिवस मला आठवतात. गैरसोय मोठी होती, पण बंद आहे हे सगळ्यांना दिसत होतं, कलेक्टर कचेरीत जाऊन लोक विचारत होते. पुढे १० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील, म्हणजे लोकांना आव्हान देता येईल. एका जिल्ह्याचं नेट बंद करणारा आदेश प्रसिद्ध करायचा आणि एका माणसाचं खातं बंद करणारा त्या माणसालाही दाखवायचा नाही, हे मला कुणी समजावून सांगावं.

आणि आता ६९अ शिवाय दुसरी वाटही रुंद झाली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्याच कलम ७९(३)(ब) खाली केंद्र सरकारच्या 'सहयोग' पोर्टलवरून कंपन्यांना सूचना जातात. तिथे २००९ च्या नियमांतली समितीसुद्धा नाही. एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनीने त्याला आव्हान दिलं, ते २४ सप्टेंबर २०२५ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने फेटाळलं. नंतर नियम बदलले आणि १५ नोव्हेंबर २०२५ पासून अशी सूचना फक्त वरिष्ठ अधिकारीच, कायदेशीर आधार आणि कारण नमूद करून देऊ शकतात. चांगलं झालं. पण ते कारण कंपनीला कळवायचं आहे. लिहिणाऱ्याला कोण कळवणार?

माझं दुसरं अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे गेलं. खातं सुरू झालंय, मग आता कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारलं. ताईंनी नाही विचारलं. वर्ष उलटून गेल्यावर तारीख आली. सुनावणीला दिल्लीला जावं लागत नाही, कलेक्टर कचेरीतल्या एनआयसीच्या, म्हणजे सरकारी संगणक केंद्राच्या, खोलीतून व्हिडिओवर होते. मी फाइल घेऊन गेलो. आता ती दोन बोटं जाड झाली आहे. वर स्क्रीनशॉट, तोच करड्या वर्तुळाचा, रंगीत प्रिंट. समोरच्या अधिकाऱ्यांनी पुन्हा ८(१)(अ) आणि नियम १६ वाचून दाखवला. मी ४(१)(घ) वाचून दाखवलं. दोन्ही बाजूंनी लेखी म्हणणं द्यावं असं ठरलं.

ते मी गेल्या आठवड्यात टाइप केलं, मराठीत आणि इंग्रजीत. टपाल कार्यालयात गेलो तर खिडकीवरच्या मुलीने सांगितलं की रजिस्टर्ड पोस्ट आता राहिलं नाही, स्पीड पोस्टातच विलीन झालंय. पाकीट तिने वजनकाट्यावर ठेवलं. "पोच हवी?" तिने विचारलं. म्हटलं, हो, पोच हवीच.